माझ्या काखेतला परदेशी

भाच्याच्या लग्नाला मामाला सूट हवाच, असं घरात ठरलं आणि जळगावातल्या एका मोठ्या कापड दुकानात मला धाडण्यात आलं. तिथे गळ्यात टेप अडकवलेला माणूसच नव्हता. ‘आपल्याकडे आता थ्रीडी स्कॅनर आहे सर, माप कॅमेरेच घेतात,’ म्हणत काउंटरवरच्या पोराने घट्ट चड्डी आणि पोहणाऱ्यांची असते तसली टोपी हातात दिली. चड्डीचं समजू शकतो, सैल कपड्यात यंत्र माणसाऐवजी कपड्याचंच माप घेतं. टोपीचंही समजू शकतो. काळे केस कॅमेऱ्याने सोडलेला इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश गिळतात, कॅमेऱ्याकडे काहीच परत येत नाही, आणि पडद्यावर डोक्याला भगदाड दिसतं. पण आतला हा सोहळा बाहेर साड्यांच्या काउंटरवरच्या टीव्हीवर कशासाठी?

प्रकार असा असतो. गोल चकतीवर काढलेल्या पावलांवर उभं राहायचं. दोन्ही पायांत वीतभर अंतर, हात अंगापासून तेवढेच लांब, श्वास नेहमीसारखा. चकती सावकाश एक फेरी मारते, समोरच्या खांबावरचे कॅमेरे अंगावरचे लाखो बिंदू टिपतात. बिंदूंची जाळी विणली जाते, जाळीत सॉफ्टवेअर काख, जांघ, मान शोधतं आणि त्यांच्या हिशोबाने आडवे काप घेऊन घेर काढतं. तोवर हलायचं नाही, आणि बोलायचं तर अजिबात नाही.

हे शेवटचं कलम आप्पांना कुणी सांगितलं नव्हतं. आप्पा रावेरकडचे केळीवाले. आप्पांच्या घरची मंडळी साड्या उलगडत बसलेली, म्हणून ते खुर्ची ओढून माझ्यापुढच्या अर्धवट ओढलेल्या पडद्याशी, टीव्ही आणि मी दोन्ही दिसतील अशा बेताने स्थानापन्न झालेले.

‘हे काय मोजू राह्यलं, भाऊ?’

‘छाती.’

‘आन् पोट?’

‘तेही.’

‘एकाच टायमाले?’

मी मान हलवली आणि फेरी वाया गेली. अंग हललं की तोच अवयव दोनदा टिपला जातो आणि सॉफ्टवेअर दोन्ही इमानाने ठेवून घेतं. आप्पांनी टीव्हीकडे पाहून दुकानभर ऐकू जाईल असं जाहीर केलं, ‘भाऊले दोन कोपर निंघाले!’

दुसऱ्या फेरीत माझी पाठच गायब. दुपारी चारचं मे महिन्यातलं ऊन आणि दर्शनी भाग सगळा काचेचा, तोही पश्चिमेला. उन्हात इन्फ्रारेड इतकं असतं की कॅमेऱ्याने स्वतः सोडलेला प्रकाश त्यात कुठल्या कुठे बुडून जातो. जाड पडदा लावला की भागतं. एवढ्या लाखांचं यंत्र घेणाऱ्याला दोन वार जाड कापड लावायचं सुचू नये, तेही कापडाच्याच दुकानात! आप्पांनी निदान केलं, ‘ऊन लागलं त्याले. कांदा ठेवा खिशात.’

तिसऱ्या फेरीआधी मात्र त्यांनी पोराला जे विचारलं, ते यंत्र विकणाऱ्यालाही कुणी विचारलं नसेल. ‘काहो, घडाचं वजन करताना दांड्याचं कापतात, तसं याच्यात श्वासाचं कापतात का?’

पोरगा हसला. हसण्यासारखं काही नव्हतं. खोल श्वास घेतला की छाती चार-पाच सेंटिमीटर सहज फुगते, आणि यंत्र त्यातलं काही कापत नाही. म्हणूनच तीन स्कॅन घ्यायचे आणि प्रत्येक मापाचा मधला आकडा धरायचा. आयएसओ २०६८५ या स्कॅनिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकातसुद्धा स्कॅनचं माप आणि तज्ज्ञाने हाताने घेतलेलं माप यांत, छाती-कंबरेसारख्या मोठ्या घेरांना सरासरी ९ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेतला आहे. दुकानाच्या टीव्हीवर मात्र माझी कंबर ९८.४ सेंटिमीटर! हा दशांश कुणाच्या भरवशावर?

बरं, ती कंबर होती तरी कुठली? शास्त्राप्रमाणे कंबर म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये. टेपवाला बोटाने हाड चाचपतो. कॅमेऱ्याला हाड दिसत नाही, म्हणून बरीच सॉफ्टवेअर्स धडाचा सर्वांत अरुंद भाग शोधतात. माझ्या बांधकामात तशी जागा सोडलेलीच नाही. यंत्राने खूप शोधून ती छातीखाली चार बोटांवर काढली. त्या मापाची पँट शिवली तर पट्टा लावून जेवायलाच बसता येणार नाही, मग लग्नाला जायचं कशाला?

काखेची गोष्ट याहून अपमानाची. काखेत आणि जांघेत कॅमेऱ्याची नजर पोचत नाही, तिथे भोकं पडतात. ती बुजवायला सॉफ्टवेअर आधी शिकून ठेवलेलं सरासरी शरीर वापरतं. अशा नमुन्यांतला सगळ्यांत गाजलेला २०१५ चा एसएमपीएल. तो शरीराचा आकार शिकला सीझर नावाच्या, माणसं स्कॅन करून मोजणाऱ्या सर्वेक्षणातून, आणि त्यातली माणसं अमेरिका, नेदरलँड्स आणि इटलीची. म्हणजे कळण्याच्या भाकरीवर आणि भरितावर पोसलेल्या देहाच्या काखेत कुणी डच गृहस्थ बसवायचा आणि बाहीचं माप त्याचं घ्यायचं! आपल्याकडे निफ्ट या फॅशनच्या सरकारी संस्थेने इंडियासाइझ, म्हणजे भारतीय मापांच्या तक्त्यासाठी २५,००० वर लोकांना मोजायचा घाट घातला, शहरं सहा निवडली. आमच्या सगळ्यांत जवळचं त्यात मुंबई. आता मुंबईच्या पोटावरून भुसावळचं पोट ओळखायचं.

एवढं असूनही यंत्राशी माझं भांडण नाही. पाठीचा बाक, खांद्यांचा उतार, डाव्या-उजव्यातला फरक ते टेपपेक्षा बरं दाखवतं. फक्त जिथे आकडा अंदाजाचा आहे, तिथे तसं लिहावं. ते कुणीच लिहीत नाही, कारण ‘अंदाजे’ म्हटलं की स्कॅनिंगचे वेगळे पैसे कसे लावणार? मला लावले. पावतीवर अठरा टक्के जीएसटीसकट.

कपडे घालून बाहेर आलो, तर माझा करडा, टकला, जवळपास उघडा पुतळा टीव्हीवर फिरत होता आणि आप्पांच्या घरची मंडळी पैठणी हातात धरून तिकडे बघत होती.

‘ही फाइल काढून टाक,’ मी पोराला म्हणालो.

‘पासवर्ड शेठकडे आहे, सर.’

‘शेठ कुठे आहेत?’

‘सुरतला. माल घ्यायला गेले. सोमवारी येतील.’

आज बुधवार आहे.