मोटरसायकलच्या इंजिनात कारचे ऑइल: एका संदेशाचा प्रतिवाद

इंजिन ऑइल घरीच बदलून पैसे कसे वाचवावेत, हे सांगणारा एक संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. मोटरसायकलचे वेगळे ऑइल ही विक्रीची युक्ती असून कारचे उरलेले ऑइल ओतले तरी चालते, आधी इंजिन रॉकेलने धुवून घ्यावे, ऑइल काळे झाल्याशिवाय बदलू नये आणि भरताना थोडे जास्तच भरावे, असे त्याचे म्हणणे आहे. घरी ऑइल बदलण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः ते अंगणात बदलतो, आणि म्हणूनच या संदेशाची मला काळजी वाटते.

गिअरच्या साध्या कारमध्ये गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते आणि क्लच कोरडा असतो. आपल्याकडच्या बहुतेक गिअरच्या मोटरसायकलींत मात्र तेच लिटरभर ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांनाही सांभाळते, आणि क्लचप्लेटा त्यातच भिजत असतात. या प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरायला हवे, तर कारच्या ०डब्ल्यू-२० सारख्या पातळ ऑइलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. याच कारणासाठी जपानच्या जासो या संस्थेने १९९८ साली दुचाकींच्या ऑइलाचे एमए आणि एमबी असे वर्ग केले. ओल्या क्लचला एमए किंवा नंतर आलेले एमए२ लागते. मी एकदा कारचे ऑइल घातले होते. काही दिवसांनी खंबाटकीच्या चढावर मूठ पिळली की इंजिन ओरडे, पण गाडी पुढे सरकेना. क्लच उघडला तेव्हा प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा असल्याने तिला एमबी चालते. संदेशात तथ्य असलेच तर एवढेच, आणि नेमके तेच त्यात सांगितलेले नाही.

रॉकेलने ऑइलचा थर धुऊन निघतो, सुटलेला गाळ ऑइल गाळणाऱ्या जाळीत अडकतो, आणि कोपऱ्यांत उरलेले रॉकेल नवे ऑइल पातळ करते. इंजिन कोमट करून, गाडी सरळ उभी ठेवून, तळाचा बोल्ट काढून ऑइल पूर्ण निथळू देणे पुरेसे आहे. बोल्टाचा वायसर चेपलेला असेल तर त्याच वेळी नवा घालावा.

काळा रंग हे ऑइल बिघडल्याचे लक्षण नाही; काजळी स्वतःत धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. त्यातील इंजिन जपणारी द्रव्ये संपल्याचे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गाडीच्या पुस्तिकेतील किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरतील ते पाळावेत.

जास्त भरलेले ऑइल इंजिनातल्या फिरत्या क्रँकने (दांड्याने) घुसळले जाऊन फेसाळते आणि इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे एअर फिल्टरपर्यंत पोहोचते. त्यामुळे नवे ऑइल घालून इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, बंद करून तितकेच थांबावे, आणि मधल्या स्टँडवर ऑइल मोजायची पट्टी पुसून पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना, हे पाहावे. ही पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवायची की पूर्ण बसवायची, हे गाडीगणिक बदलते. तेही पुस्तिकेत दिलेले असते.