हिरवे दिवे आणि अर्धा मेलेला राउटर

वळीव गडगडायला लागला की कोकणातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: राउटर एक तर चालतो नाही तर मरतो, दिवे हिरवे म्हणजे तो ठणठणीत, तरी नेट अडकलं तर दोष लाइनचा, फायबरला विजेची भीती नाही, आणि काहीही झालं तरी रीसेट (सगळी सेटिंग कारखान्यातल्यासारखी कोरी करणं) मारा.

पहिलंच विधान चूक. राउटरच्या बोर्डवर प्रोसेसर, मेमरी, लॅन केबल खोचायच्या पोर्टांची स्विच चिप, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ अशी वेगवेगळी खाती असतात आणि ती एकेकटी बिघडतात. ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीतून कायमचं गेलं आणि २.४ सुरळीत, तर संशय रेडिओवर. पण घाई नको. चॅनल ५२ ते १४४ मधला असेल तर त्या लहरी रडारही वापरतात, म्हणून रीस्टार्टनंतर रडारचा कानोसा घेत ५ गिगाहर्ट्झ निदान मिनिटभर गप्प राहतो. चॅनल ३६ लावून दोन-तीन मीटरवरून पाहा. जांभ्याच्या भिंतीपलीकडे माजघरात रेंज मिळत नाही, हा बिघाड नव्हे.

हिरव्या दिव्यांचं म्हणाल तर लॅनचा दिवा जोडणी झाली एवढंच सांगतो. खाऱ्या हवेत पोर्टाच्या पिनांवर हिरवट थर चढतो. गिगाबिटला आठही पिना लागतात, १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ पुरतात. म्हणून ४, ५, ७, ८ पैकी एक गेली तरी दिवा लागलेलाच, पण २०० मेगाबिटचा प्लॅन ९५ च्या आसपास अडकतो. लॅपटॉपवर लिंक स्पीड पाहा. आधी केबल बदला, मग पोर्ट. एका वेळी एकच गोष्ट. तीच केबल, तोच लॅपटॉप दुसऱ्या पोर्टावर १००० दाखवत असेल तर पहिला पोर्ट गेला. सगळेच १०० दाखवत असतील तर मुळात राउटर तेवढाच आहे का, ते तपासा.

अर्ध्या बिघाडात सर्वाधिक चकवतो तो अडॅप्टर. आतले कपॅसिटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) थकले की नुसता मोजला तर मीटर १२ व्होल्ट दाखवतो, चार मोबाइल व्हिडिओ बघू लागले की व्होल्टेज बसतं आणि राउटर स्वतःच रीस्टार्ट होतो. मोजायचं तर भार असताना मोजा. त्याहून सोपं म्हणजे दुसरा अडॅप्टर लावून बघणं: व्होल्ट लेबलवर आहेत तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिनची ध्रुवता (अधिक-उणे कुठे ते) तीच. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावू नका. मिनी यूपीएस मधे असेल तर तोही काढून पाहा; त्याची बॅटरी म्हातारी झाली की हेच होतं.

लाइनला दोष देण्याआधी लॅन केबलवरून राउटरलाच शंभर पिंग (उत्तर येतं का ते पाहणारे छोटे संदेश) मारा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१). घरातल्या घरात हे संदेश गळत असतील तर कंपनीचा काय संबंध? उलट एलओएसचा (फायबरमधला प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल, किंवा आत येणारा प्रकाश उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) खाली, म्हणजे उणे २८, २९ असा असेल, तर तक्रार जरूर करा.

काचेतून वीज वाहत नाही, इतपत खरं. पण अडॅप्टर भिंतीत आहे, आणि मागच्या होमस्टेपर्यंत परसातून नेलेली तांब्याची लॅन केबल तर विजेला आमंत्रणच. अनेकदा तिच्या पोर्टाला मार बसतो, बाकीचे वाचतात. बटण बंद करणं पुरत नाही, ते एकच तार तोडतं. गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग आणि ती केबल दोन्ही उपसा.

रीसेटने पोर्ट किंवा कपॅसिटर दुरुस्त होत नाही. उलट कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायचं पीपीपीओईचं नाव, पासवर्ड, आणि लाइनचा व्हीलॅन क्रमांक पुसला जातो आणि उरलंसुरलं नेटही जातं. आधी सेटिंगचा बॅकअप घ्या. आणि रीसेट न मारताच, प्लग काढून लावला की सेटिंग दर वेळी पुसलेली सापडली, तर संशय सेटिंग साठवणाऱ्या फ्लॅश मेमरीवर. तिथे दुरुस्तीपेक्षा नवा राउटर स्वस्त पडतो.