कुकीजची नुसती पट्टी म्हणजे संमती नव्हे

छोट्या वेबसाइट चालवणाऱ्यांमध्ये कुकीजबद्दल (साइट वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या फायली) एक मेसेज फिरतो आहे: ‘साइट वापरत राहिलात म्हणजे कुकीजना तुमची संमती आहे, एवढी ओळ खाली टाका. युरोपचा कायदा पाळला गेला.’ हे खरे नाही. मदत म्हणून पाठवले जाते, त्यामुळेच काळजी वाटते.

युरोपीय संघात २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशात २००९ साली दुरुस्ती झाली आणि कुकी ठेवण्यापूर्वी संमती घेणे आवश्यक ठरले. ती संमती स्पष्ट कृतीतूनच द्यावी लागते, असे २५ मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण कायदा सांगतो. प्लॅनेट४९ या कंपनीच्या खटल्यातील १ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात युरोपीय न्यायालयाने आधीच टिक केलेली चौकटही नाकारली.

म्हणजे साइट पाहणाऱ्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय जाहिरातीची स्क्रिप्ट (कुकीज ठेवणारा कोड) चालूच होता कामा नये. बहुतेकांचे इथेच चुकते: पट्टी दिसते, पण कुकीज आधीच बसलेल्या असतात. खाजगी विंडोत आपली साइट उघडा आणि पट्टीवर काहीही न दाबता ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये कुकीजची यादी पाहा. दोन मिनिटांत कळेल. दिलेली संमती मागे घेणेही तितकेच सोपे हवे. साइट छोटी म्हणून सूट नाही.

लॉगिन किंवा खरेदीच्या टोपलीसाठी लागणाऱ्या कुकीजना मात्र संमती लागत नाही. फक्त त्याच असतील तर संमतीची पट्टी लावूच नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.