सहा इंचांचा सीमाप्रश्न

पिकलबॉल, म्हणजे पॅडल नावाच्या छोट्या बॅटने चेंडू जाळ्यापलीकडे मारायचा खेळ, शिकायला वेळ लागत नाही, असं जो तो सांगतो. खरं आहे. पॅडल हातात धरलं, खालून सर्व्हिस टाकली, की पहिल्याच संध्याकाळी माणूस स्वतःला खेळाडू समजायला लागतो. वांधा सरावाचा. बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या कोर्टावर मॅच म्हटली की चौघांच्या जागी दहा जण हजर. सराव म्हटला की एकाचा गुडघा धरतो, दुसऱ्याकडे सत्यनारायण निघतो आणि तिसऱ्याला रेल्वे गेट पडलेलं असतं. गेट पडलं म्हटल्यावर आमच्या गावात पुढे कुणी काही विचारत नाही.

सरावाचा हट्ट मास्तरांचा. आयुष्यभर गणित शिकवलं. नोकरी संपली, शिकवणं काही संपलं नाही. ‘आज फक्त डिंक. तिरका. आणि बोलायचं नाही,’ असं ते शिट्टी न वाजवता शिट्टीच्या आवाजात सांगतात. डिंक हा जाळ्याजवळून मारायचा हलका फटका. चेंडू अलगद पलीकडे समोरच्याच्या किचनमध्ये, म्हणजे जाळ्यालगतच्या सात फुटांच्या पट्ट्यात पडला पाहिजे. त्या पट्ट्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. टप्पा पडलेला चेंडू घ्यायला मात्र खुशाल आत जावं. आता आमची पिढी बॅडमिंटनवर वाढलेली. समोर हळू चेंडू दिसला की हात आपोआप वर जातो. मास्तर ओरडतात, ‘मारू नको रे, ठेव. ठेव!’ तोवर चेंडू शेजारच्या आवारातल्या पेरूच्या झाडात. तिथून चेंडू मागून आणणं हा सरावातला सर्वात अवघड प्रकार, आणि तो कुठल्याच व्हिडिओत शिकवत नाहीत.

आमचं कोर्ट मुळात बॅडमिंटनचं. त्यात गैर काही नाही. १९६५ साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ जन्मला तोच एका घरामागच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टावर. दोन्हींचं माप एकच, २० बाय ४४ फूट. फक्त जाळं खाली घ्यायचं, कडेला ३६ इंच आणि मध्ये ३४. गोम आहे ती पुढच्या रेषेत. बॅडमिंटनची रेषा जाळ्यापासून साडेसहा फुटांवर, किचनची सातवर. जुनी रेषा ऑइलपेंटची, ढिम्म न हलणारी. नवी खडूची, दोन दिवसांत पुसट. मधल्या सहा इंचांत पाऊल पडलं की झालं सुरू! ‘आत होता ओ तुम्ही!’ ‘मी जुन्या रेषेच्या बाहेर आहे की!’ रेषा कुठून काढली यावरून १९५६ पासून भांडणाऱ्या जिल्ह्यात हे सहा इंच मुकाट्याने कोण सोडणार? मास्तर टेप घेऊन वाकतात. एक जण मोबाइलवर फोटो काढतो. आमच्यातले हुबळीकडचे काका तेवढे कडेला उभे राहून ‘होगली बिडरी’, म्हणजे ‘जाऊ द्या, सोडा’, म्हणतात, आणि त्यांचंही पाऊल नेमकं त्याच पट्ट्यात असतं.

सरावात जीव आणला तो वैनींनी. ‘नुसतं टाकाटाकी कोण करणार ओ? हरणाऱ्यानं कुंदा आणायचा,’ एवढंच त्या म्हणाल्या. कुंदा म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई. त्या दिवसापासून गुडघे बरे झाले. आता आम्ही सात-अकरा खेळतो. एक जण किचनच्या रेषेवर, दुसरा मागच्या रेषेवर. पुढच्याने ११ करायचे, मागच्याने ७. कारण मागून खेळणं अवघड. तिथून चेंडू हळूच पुढच्या किचनमध्ये उतरवत जाळ्यापर्यंत पोचायचं असतं. हेच मास्तर महिनाभर फळ्यावर बाण काढून सांगत होते. कुंद्याचा खोका पैजेला लागला आणि हाताला आपोआप कळलं. तोच रिकामा खोका मग कोपऱ्यात नेमासाठी ठेवतो. खोक्यावर चेंडू बसला की जो आवाज होतो, त्यासाठी पोरं सायकली थांबवून बघतात.

पावसाळ्यात मैदानाची गोष्ट सोडा. बेळगावचा पाऊस आणि त्यातला वारा. भोकाभोकांचा तो हलका चेंडू मारावा इकडे आणि निघावा अनगोळच्या दिशेने. पण देवशयनी एकादशी झाली की लग्नं थांबतात आणि ओळखीचं मंगल कार्यालय संध्याकाळी मोकळं मिळतं. फरशी गुळगुळीत असल्याने चेंडू टप्प्यावरून सटकतो, म्हणून तिथे नुसतं डिंक आणि अर्ध्या कोर्टात एकास एक. मध्ये जाळं अंतरपाटासारखं धरलेलं, दोन्ही बाजूंना घामेजलेली मंडळी. एकदा मॅनेजर कार्तिकानंतरच्या तारखेसाठी हॉल दाखवायला मुलीकडच्यांना घेऊन आला. मुलीची आई वर पंखे मोजत होती, वडील भाड्यात जनरेटर धरलाय का ते विचारत होते. मामांनी मात्र न विचारता माझ्या हातातलं पॅडल घेतलं, रेषेवर उभे राहिले आणि मास्तरांना म्हणाले, ‘टाका.’ टाकला. मामांनी तो असा सणसणीत हाणला की स्टेजवरच्या नवरदेवाच्या खुर्चीत जाऊन बसला.

मास्तर ‘ठेव, ठेव’ म्हणेपर्यंत मामांनी दुसरा मागितला होता. हॉलचं जमलं नाही, भाडं जास्त वाटलं म्हणे. मामा येतात. कुंदा बहुतेक वेळा तेच आणतात.