गूगल ड्राइव्हमधून पुसल्या गेलेल्या नकाशांविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार.

एक तारा देऊन आपण लिहिलेला सविस्तर अभिप्राय वाचला. आर्किटेक्टच्या कार्यालयातून कित्येक वर्षांचे नकाशे एका दुपारी नाहीसे झाले की काय होते, हे पुसलेल्या फाइल्स परत मिळवून देण्याच्या या धंद्यात आम्ही वारंवार पाहतो, त्यामुळे आपल्या रागाचे नवल वाटले नाही. मात्र त्या अभिप्रायातील काही विधाने तशीच राहिली, तर ती वाचून दुसरे एखादे कार्यालय चुकीच्या समजुतीवर विसंबून राहील, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे. ग्राहकाच्या खात्यातील तपशील चारचौघांत मांडणे आमच्या रीतीत बसत नाही. त्यामुळे आपण स्वतः जाहीर केलेल्या गोष्टींच्या आधारेच लिहितो.

आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. दिवाळीच्या आधी ड्राइव्हची जागा भरल्याचे संदेश येऊ लागले, तेव्हा कार्यालयातील एकाने आपल्या खात्यातून जुन्या प्रकल्पांचे फोल्डर डिलीट केले आणि तरीही जागा मोकळी होईना म्हणून त्याच दिवशी ट्रॅशही, म्हणजे डिलीट केलेल्या फाइल्स जिथे जातात तो कप्पाही, रिकामा केला. नाताळच्या सुमारास एका इमारतीच्या वाढीव बांधकामासाठी जुना नकाशा लागला, तेव्हा हे उघडकीस आले. आम्ही तपासणी शुल्क घेतले, पासवर्डसाठी आपल्याला दुकानात बसवून ठेवले, निम्म्याच फाइल्स दिल्या, त्याही आपल्याच ड्राफ्ट्समनच्या खात्यांतून आणि मेलमधून काढलेल्या, आणि वर महागडी योजना घ्यायला सांगितले. गूगलकडे सर्व काही कायम असते, आपण स्वतः २०१८ मध्ये वर्षभरापूर्वीची फाइल ट्रॅशमधून परत आणली होती, मेव्हण्यांच्या कंपनीत दोन-अडीच महिन्यांनी फाइल्स मिळाल्या, गूगलने हरवलेल्या फाइल्स लोकांना परत दिल्याची बातमीही आली होती, आणि दुसरे एक दुकान सॉफ्टवेअर लावून सगळे काढून देतो म्हणते. त्यावरून आम्हाला हे काम येत नाही, असा निष्कर्ष आपण काढला आहे.

२०१८ चा आपला अनुभव अगदी खरा असणार. त्या काळी ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये टाकलेली फाइल आपण स्वतः ट्रॅश रिकामा करेपर्यंत तिथेच पडून राहत असे. हा नियम १३ ऑक्टोबर २०२० पासून बदलला आणि तेव्हापासून ट्रॅशमधील प्रत्येक फाइल ३० दिवसांनी आपोआप कायमची जाते. अनेक जुन्या वापरकर्त्यांना हा बदल आजही माहीत नाही, आणि यात त्यांचा दोष आहे असे मला वाटत नाही. आपल्या बाबतीत मात्र ते ३० दिवससुद्धा उरले नव्हते, कारण ट्रॅश त्याच दिवशी रिकामा झाला होता. ट्रॅशमधील फाइल्सही जागेच्या हिशेबात धरल्या जातात, त्यामुळे जागेच्या चिंतेत असलेला माणूस नेमके तेच बटण दाबतो. वास्तविक फुकट मिळणारी १५ जीबी जागा ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो या तिघांत मिळून असते, आणि ती भरली म्हणजे नकाशांनीच भरली असे नव्हे. फोनवरून आपोआप चढणारे व्हिडिओ बहुतेक वेळा जास्त जागा खातात.

मेव्हण्यांच्या कंपनीतील प्रसंगही खोटा नसावा, परंतु तिथे कार्यालयीन वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ड्राइव्हसारखी सेवा, असल्याचे आपण लिहिले आहे. मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन व शैक्षणिक खात्यांत पुसलेली फाइल ९३ दिवस राहते, आणि कर्मचाऱ्याने रिसायकल बिन रिकामी केली तरी ती दुसऱ्या टप्प्याच्या बिनमध्ये जाते, जिथून त्या मुदतीत अ‍ॅडमिन, म्हणजे कंपनीची खाती सांभाळणारा माणूस, ती परत आणू शकतो. वनड्राइव्हच्याच वैयक्तिक खात्याला ही सोय नाही, तिथे मुदत ३० दिवसांची आहे. एकाच कंपनीच्या दोन प्रकारच्या खात्यांना जर वेगळे नियम असतील, तर एका कंपनीचा अनुभव दुसऱ्या कंपनीच्या साध्या जीमेल खात्याला लावणे योग्य होणार नाही.

बातमीचे म्हणावे, तर तो प्रकार नोव्हेंबर २०२३ मधील असावा. संगणकावर बसवायच्या ड्राइव्हच्या अ‍ॅपच्या ८४ क्रमांकाच्या आवृत्तीत काही लोकांच्या फाइल्स दिसेनाशा झाल्या होत्या, आणि पुढच्या आवृत्तीत त्या परत मिळवण्याची सोय दिली गेली. त्या फाइल्स अजून वर, म्हणजे गूगलच्या यंत्रणेत, पोहोचायच्या होत्या आणि त्यांची प्रत वापरकर्त्याच्याच संगणकावर होती, म्हणून ते शक्य झाले. वर पोहोचून नंतर मालकाच्या खात्यातून पुसलेल्या फाइल्सशी त्याचा संबंध नाही.

गूगलकडे सगळे कायम राहते, या समजुतीत थोडे तथ्य आहे आणि त्यामुळेच ती फसवी आहे. कंपनीने आपल्या धोरणात लिहिले आहे की डिलीट केलेली माहिती यंत्रणेतून पूर्ण निघण्यास साधारण दोन महिने लागतात आणि बॅकअपच्या कूटबद्ध प्रतींत ती सहा महिन्यांपर्यंत राहू शकते. पण त्या प्रती संपूर्ण यंत्रणेवर आपत्ती आली तर ती उभी करण्यासाठी आहेत. एका खात्यातील एक फोल्डर त्यातून वेचून देण्याचा मार्ग साध्या खात्याच्या ग्राहकाला उपलब्ध नाही. आपल्या खात्यातून केलेली विनंती नाकारली गेल्याचे आपणच लिहिले आहे, त्याचे कारण हे.

आता सॉफ्टवेअर लावून सगळे काढून देण्याविषयी, कारण अभिप्रायातील सर्वांत घातक वाक्य तेच आहे. रिकव्हरी सॉफ्टवेअर वाचते ते समोरच्या संगणकातील डिस्क. ड्राइव्हवरील फाइल तुकड्या-तुकड्यांत, कूटबद्ध होऊन गूगलच्या डेटा सेंटरमधील यंत्रांवर असते, आणि तिथली डिस्क कोणत्याही शहरातील कोणत्याही दुकानदाराच्या हाती लागत नाही. आपल्या संगणकावर ड्राइव्हचे अ‍ॅप स्ट्रीम पद्धतीने लावलेले होते, म्हणजे फाइल्सची नावे दिसत, पण उघडल्याशिवाय मजकूर संगणकावर उतरत नसे. शिवाय आतली डिस्क एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली नव्या प्रकारची, आहे. एसएसडीत फाइल पुसली की ट्रिम नावाच्या सूचनेने ती जागा मोकळी म्हणून कळवली जाते आणि डिस्क आपल्या सवडीने ती खरोखरच स्वच्छ करते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये महिन्यांनंतरही जे सापडायचे, ते इथे बहुधा सापडत नाही. तरीही आम्ही ती डिस्क तपासली, आणि आपण ज्याला नुसते शुल्क उकळणे म्हणता त्यातील बराचसा वेळ याच कामात गेला. नकाशे काढण्याचे सॉफ्टवेअर ऑटोकॅड नकाशाशेजारी त्याच्या आधीच्या रूपाची जी बॅक फाइल बनवते, ती त्याच फोल्डरमध्ये असल्याने नकाशाबरोबरच गेली होती. ऑटोसेव्हच्या तात्पुरत्या फाइल्स वेगळ्या ठिकाणी असतात, परंतु नकाशा व्यवस्थित बंद केला की त्या आपोआप काढल्या जातात, त्यामुळे संगणक मध्येच बंद पडला होता अशाच वेळच्या थोड्या उरतात.

‘निम्म्याच’ फाइल्स का मिळाल्या, या मुद्द्याला मात्र मी सर्वाधिक जागा देणार आहे, कारण ते निम्मे कुठून आले हे कळल्याशिवाय उरलेले निम्मे का आले नाही हे कळणार नाही.

साध्या ड्राइव्हमध्ये फोल्डरचा मालक एक आणि त्यातील फाइलचा मालक दुसरा असू शकतो. आपण आपल्या खात्यात फोल्डर करून ते ड्राफ्ट्समनना शेअर केले होते, आणि त्यांनी आपापल्या खात्यातून त्यात जे नकाशे चढवले त्यांची मालकी त्यांच्याकडेच राहिली. सोसायटीचे कार्यालय पाडले म्हणून सभासदांचे फ्लॅट जात नाहीत, तसेच हे आहे. फोल्डर आपल्या खात्यातून कायमचे गेले तेव्हा आपल्या मालकीच्या फाइल्स खरोखर गेल्या, परंतु ड्राफ्ट्समनच्या मालकीच्या फाइल्स त्यांच्या खात्यात कोणत्याही फोल्डरविना, अनाथ अवस्थेत शिल्लक राहिल्या. त्या नेहमीच्या यादीत सहज दिसत नाहीत. मालकी माझी आणि फोल्डर नाही, अशी विशिष्ट अट शोधाच्या चौकटीत घालावी लागते, तेव्हा त्या वर येतात. कार्यालयात आज असलेल्या ड्राफ्ट्समनच्या खात्यांत हा शोध घेऊन त्या एकत्र केल्या आणि प्रकल्पांनुसार लावून दिल्या. ‘आपल्याच लोकांच्या खात्यांतून काढल्या’ हे आपले वाक्य खरेच आहे, पण ते तक्रार म्हणून लिहावे असे त्यात काय आहे, हे मला उमगले नाही. फाइल्स जिथे होत्या तिथूनच काढाव्या लागतात, आणि त्या तिथे असतील हे आपल्या कार्यालयात कोणाला ठाऊक नव्हते.

मेलचेही तसेच. ग्राहकांना आणि स्ट्रक्चरल सल्लागारांना पाठवलेल्या मेलला जोडलेली फाइल ही स्वतंत्र प्रत असते, ड्राइव्हमधून मूळ पुसले तरी तिला धक्का लागत नाही. पण २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जीमेल जोडत नाही, तिच्याऐवजी ड्राइव्हचा दुवा पाठवते, आणि मूळ गेले की तो दुवा निरुपयोगी होतो. म्हणून लहान नकाशे मेलमधून मिळाले आणि मोठे संच मिळाले नाहीत. हे काम आपण घरी बसून करू शकला असता, हे मला मान्य आहे. करायला हरकतही नव्हती.

पासवर्डसाठी बसवून ठेवल्याची तक्रार मी मागे घ्यायला सांगणार नाही, कारण तो त्रास खरा होता. तरीही नियम बदलणार नाही. ग्राहकाचा पासवर्ड किंवा फोनवर येणारा कोड आम्ही लिहून घेत नाही, ग्राहकाने स्वतः टाकायचा आणि काम संपल्यावर आमच्यासमोर लॉगआउट करायचे. जे दुकान आपला पासवर्ड चिठ्ठीवर मागते, तिथे आपला वेळ वाचेल, एवढेच म्हणतो.

योजना विकण्याच्या आरोपाबाबत स्पष्ट सांगतो की वर्कस्पेसची, म्हणजे गूगलच्या कार्यालयांसाठीच्या सशुल्क योजनेची, विक्री आम्ही करत नाही. ते सुचवले, कारण त्यात ट्रॅश रिकामा झाल्यानंतरही २५ दिवस अ‍ॅडमिनला फाइल परत आणता येते, आणि शेअर्ड ड्राइव्हमधील फाइल्सची मालकी व्यक्तीकडे न राहता संस्थेकडे राहते, म्हणजे वरचा मालकीचा गुंता मुळातच उद्भवत नाही. खर्च नको असेल, तर दर महिन्याला सगळे नकाशे एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क संगणकापासून काढून ठेवणे हा उपायही पुष्कळ चांगला आहे, आणि तोही आम्ही त्याच दिवशी सांगितला होता. सिंक, म्हणजे सगळीकडच्या प्रती आपोआप सारख्या ठेवणे, हा बॅकअप नव्हे. एका जागी पुसलेले सिंकमुळे सगळीकडे तितक्याच तत्परतेने पुसले जाते.

तपासणी शुल्क फलितावर अवलंबून नाही, हे पावतीवर छापलेले आहे आणि काम हाती घेण्यापूर्वी सांगितलेही जाते. काम झाले आहे, त्यामुळे ते परत करण्याची मागणी मान्य करता येत नाही.

एक गोष्ट मात्र अजून शिल्लक आहे. नोकरी सोडून गेलेल्या ड्राफ्ट्समनपुढे आम्ही आपल्याला ‘विनवण्या करायला’ सांगितल्याचे आपण उपहासाने लिहिले आहे. त्यांनी चढवलेले नकाशे वरच्या कारणामुळेच त्यांच्या खात्यात अजून असण्याची चांगली शक्यता आहे. त्यांनी ते खाते वापरणे बंद केले असेल, तर दोन वर्षे निष्क्रिय राहिलेले खाते गूगल काढून टाकू शकते. वापरात असेल, तर जागा करताना ते स्वतःच या अनोळखी वाटणाऱ्या फाइल्स पुसतील आणि मग पुन्हा तीच ३० दिवसांची मुदत सुरू होईल. म्हणून मन मोठे करून त्यांना लवकर फोन करावा. त्यांनी होकार दिला, तर त्यांच्या खात्यातून मालकी हस्तांतराची विनंती आपल्याला पाठवता येते आणि आपण ती स्वीकारली की फाइल आपल्या नावावर येते. आपल्याला आणि त्यांना एकत्र जोडून हे फोनवर समजावून द्यायला आमचा माणूस तयार आहे, आणि त्याचे वेगळे शुल्क आकारले जाणार नाही.