आधी गाऱ्हाणं, मग चिठ्ठ्या

दीपप्रज्वलन २० मिनिटं. सत्कार, शाल, श्रीफळ ३५ मिनिटं. प्रमुख पाहुण्यांचं मनोगत पाऊण तास. सकाळी साडेनऊची कार्यशाळा, आणि भिंतीवर मुद्दे लिहून चिकटवायची पहिली पिवळी चिठ्ठी लागली तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते.

तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी, एसी हॉलमध्ये झालेली ती माझी पहिली एकदिवसीय ‘डिझाइन थिंकिंग’ कार्यशाळा, म्हणजे आधी लोकांची अडचण समजून घ्यायची, मग उपाय काढून त्याचा नमुना करून बघायचा. विषय होता, गावात एकटे राहणारे म्हातारे. संध्याकाळपर्यंत आठ गटांनी आठ उपाय काढले, त्यातली सहा मोबाइल अ‍ॅप्स. पहिलं बक्षीस धोक्याच्या बटणाला: आजीने बटण दाबलं की मुंबईच्या मुलाला मेसेज. टाळ्या पिटणाऱ्यांत मीही होतो. आमच्या वाडीत फोनला रेंज हवी तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढावं लागतं, आणि ज्या आजीला सडा चढता येतो तिला बटणाची काय गरज, हा साधा विचार त्या गारव्यात माझ्या डोक्यात आला नाही. त्या हॉलमध्ये साठीच्या वरचे फक्त प्रमुख पाहुणेच होते.

पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने २००५ मध्ये ती एकाला एक जोडलेल्या दोन हिऱ्यांच्या आकृतीत मांडली. आधी विचार पसरायचे, मग आवळायचे. परत पसरायचे, परत आवळायचे. पहिला हिरा प्रश्न शोधायचा, दुसरा उत्तर. आपल्याकडे पहिला हिरा जेवणाआधी कसाबसा उरकतात, कारण बक्षीस दुसऱ्या हिऱ्याला असतं.

आणि हे प्रश्न भलतेच चिवट. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या दोघांनी १९७३ मध्येच लिहून ठेवलंय की अशा सामाजिक प्रश्नांची पक्की व्याख्या करता येत नाही, ‘आता सुटला’ म्हणून थांबायची खूणही त्यांना नसते, आणि तुम्ही तो कसा मांडता त्यावर उत्तर कुठे शोधणार ते ठरतं. कोकणातल्या म्हाताऱ्यांचंच घ्या. गिरणीत गेलेले बाप, मग ऑफिसात गेलेली पोरं, गणपतीला उघडणारी आणि अनंतचतुर्दशीनंतर कुलूप लागणारी घरं. यातलं कुठलं टोक एका रविवारी ओढणार? म्हणून माझं सरळ मत: एका दिवसात म्हाताऱ्यांचा प्रश्न हातात घेऊ नये. एक म्हातारी घ्यावी.

गेल्या नोव्हेंबरात तसं करून बघितलं. तारीख ठरवतानाच निम्मी अक्कल आली. एप्रिल-मे आंबा-काजूचा, जून-जुलै लावणीचा, पुढे गणपती, मग कापणी. भात झोडून झालेलं आणि गावची जत्रा यायची, असा एकच रविवार सापडला. जागा देवळाचा सभामंडप. माणसं २२: कॉलेजची पोरं, आशाताई, आरोग्य उपकेंद्राच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताई, पोस्टमन, निवृत्त एसटी कंडक्टर, महिला बचत गटातल्या सहाजणी. त्या सहाजणी पाणी आणि गोठा आटोपून दहाला येणार म्हणाल्या, म्हणून सुरुवातच दहाला ठेवली. पाहुणा एकही नाही. खर्च जेवणासकट ३,१०० रुपये.

देवळात बसायचं तर गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढचं मागणं, आलंच. गावकार उभे राहिले, डोळे मिटले. “बा देवा म्हाराजा, आज ही पोरां हय जमली हत, म्हाताऱ्यांचा कायतरी बरा करूक बघतत, तेंका यश दी म्हाराजा!” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा!” दोन मिनिटांत उद्घाटन संपलं.

मी मग फळ्यावर शिकल्याप्रमाणे लिहिलं, ‘आपल्याला कसे बरे करता येईल, जेणेकरून...’ कोणी तोंड उघडेना. हे वाक्य इंग्रजीतून उचललेलं आहे आणि मराठीत ते शाळा तपासनिसासारखं वाजतं. कंडक्टर काका शेवटी म्हणाले, “अरे, गाऱ्हाण्यासारख्या सांगा मां!” इतकी वर्षं गाऱ्हाणं ऐकतोय, पण त्याची घडण कधी बघितली नव्हती. कोणासाठी, काय आडवं आलंय, काय हवंय. तिन्ही गोष्टी एका दमात, आणि मोठ्याने, सगळ्यांदेखत. नियम केला: प्रत्येक गटाने घरं बघून यायचं आणि एकच गाऱ्हाणं आणायचं, तेही एकाच माणसाचं.

अडीच तास वाड्यांवर. घरी जाऊन ‘तुमची अडचण काय’ विचारायचं नाही, हा दुसरा नियम. तसं विचारलं की उत्तर ठरलेलं: “काय नाय, बरा चल्ला हा.” त्याऐवजी विचारायचं, काल उठल्यापासून काय काय केलंत? आमच्या गटाच्या आजी ऐंशीच्या. चहा, मग गोळी, मग पेज, असा दिवस सांगत त्यांनी फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून दाखवला. आत दोन पाकिटं, एक चंदेरी, एक हिरवं. चंदेरी आरोग्य केंद्रातलं. हिरवं मुंबईच्या मुलाने लक्झरी बसमधून पार्सल केलेलं. आजी दोन्हीतली एकेक घेत होत्या, कारण रंग दोन म्हणजे औषधं दोन. सीएचओ ताईंनी चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचली. दोन्हीत औषध एकच, अ‍ॅम्लोडिपिन, रक्तदाबाचं. कंपनी तेवढी वेगळी. मग ताई आजींच्या घोट्यांकडे बघत राहिल्या. पाय सुजलेले होते, आणि आजींना ते वयाचं वाटत होतं. ताई सड्यावर जाऊन डॉक्टरांशी बोलून आल्या, हिरवं पाकीट बाजूला काढलं आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला यायचं ठरलं. खरं सांगायचं तर त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम तिथेच झालं, आणि त्याला एकही चिठ्ठी लागली नाही.

आमच्या गटाचं गाऱ्हाणं: “बा देवा म्हाराजा, आजयेक दोन रंगाच्यो गोळ्यो इल्यो हत, खयची खावची ता तेका समजान दी!”

दुपारी चिठ्ठ्यांचा प्रकार झाला. त्या चिऱ्याच्या भिंतीला धरेनात, पंखा लावला की उडून गाभाऱ्याकडे. शेवटी सुतळी ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत घातल्या. चिठ्ठी काढून दुसरीकडे लावणं यात उलट सोपं जातं.

नमुने करायला आंब्याची रिकामी खोकी आणि जुन्या साड्या. आमच्या पोरांनी साडीची तीन कप्प्यांची पिशवी शिवली. सकाळला उगवता सूर्य, दुपारला पूर्ण सूर्य, रात्रीला चंद्र. सुबक झाली होती. चारला परत आजींकडे नेली. त्यांनी पहिला कप्पा डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, “हो सूर्य उगवता की बुडता?”

आम्ही सहाजण एकमेकांकडे बघत राहिलो. आजींचा दिवस सूर्यावर नव्हताच, चुलीवर होता. तिथेच पडवीत बसून नवी चित्रं काढली: चहाचा कप, पेजेचा वाडगा, रात्रीचं ताट. एकाने पाकिटं कापून एकेक गोळी कप्प्यात घालायला घेतली, तर ताई ओरडल्या. कापलं की औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख दोन्ही हरवतात. मग आख्खं पाकीट मावेल एवढे कप्पे मोठे केले.

म्हणून म्हणतो, नमुना त्याच दिवशी, त्याच माणसाच्या हातात गेला पाहिजे. हॉलमध्ये त्या सूर्याला पहिलं बक्षीस मिळालं असतं.

कुणी म्हणेल, एका पिशवीने काय होणार? बरोबर आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून नोंदी करत राहिले. त्यातून प्राझोसिन हे औषध त्या विषावर चालतं हे पुढे आलं, आणि १९८०च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. खरा प्रश्न असा वर्षांवर्षांनी उलगडतो. कार्यशाळेचा दिवस म्हणजे फार तर त्यातली पहिली रात्र. ती मांडवात आणि मनोगतात घालवली तर उशाशी बसायचं राहूनच जातं.

महिनाभराने फिरून आलो. सहा पिशव्या दिल्या होत्या, चारांत औषधं आहेत. एक सापडत नाही. एका काकांनी तिच्यात पानसुपारी, चुना, कात असे कप्पे लावलेत आणि आणखी एक मागितली. आजींची पिशवी देवघराजवळच्या खिळ्यावर. त्यांचा मुलगा आता पार्सल टाकण्याआधी पाकिटाचा फोटो आशाताईंना पाठवतो. ही युक्ती सुतळीवरच्या एकाही चिठ्ठीत नव्हती, त्या दोघांनी आपसात ठरवली.

पुढची कार्यशाळा जत्रा आटोपल्यावर, फेब्रुवारीत. विषय माकडं आणि सोडून दिलेली कुळथाची शेती. बक्षीस नाही, जेवण आहे. वेळ दहाची. आणि येताना प्रत्येकाने घरचे चार-पाच चिमटे आणा, आमच्याकडचे कमी पडतात.