रायफल अडकते म्हणून लगेच गॅसचं छिद्र वाढवू नका

सेमी-ऑटोमॅटिक रायफल, म्हणजे गोळी झाडल्यावर पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल, वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो थोडक्यात असा: 'रायफल अधूनमधून अडकते म्हणजे ती घाण झाली आहे. साफ करा, भरपूर तेल घाला. तरी अडकली तर जास्त ताकदीची स्प्रिंग बसवा. तरीही अडकली तर गॅस कमी पडतोय, नळीतलं छिद्र मोठं करून घ्या. आणि नेमबाजी चालू असताना अडकली तर बोल्ट ओढा आणि पुढची गोळी झाडा.' (गॅस म्हणजे काडतुसातली दारू जळून होणारा वायू. त्यातला थोडा नळीतल्या छिद्रातून येऊन बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाला, मागे ढकलतो.) यातलं बरंचसं कधी ना कधी खरं ठरतं, म्हणून तो टिकून आहे. पण नेमकं काय अडकलं, हे त्यात कोणीच विचारत नाही.

आधी घाणीचं बघू. घाणीमुळे येणारा बिघाड सहसा गोळ्या झाडत जाल तसा वाढतो आणि साफसफाईनंतर जातो. नुकतीच पुसलेली रायफल दहाव्या गोळीला अडकली आणि पुढे बराच वेळ सुरळीत चालली, तर घाणीवर संशय घेण्यात फारसा अर्थ नाही. अशा वेळी बोल्टला हात लावण्याआधी, नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर ठेवून, आत काय दिसतंय ते बघायचं. रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच, चेंबरमध्येच (नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेतच) राहिली असेल तर चेंबर, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) आणि त्याची छोटी स्प्रिंग तपासा. पुंगळी बाहेर निघाली पण बोल्टच्या तोंडाशी चिमटली, तर बोल्ट पुरेसा मागे गेला नसेल किंवा इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) ढिला असेल. नवं काडतूस चेंबरच्या तोंडाशी तिरकं अडलं किंवा एकदम दोन काडतुसं वर आली, तर पहिला संशय मॅगझिनवर, म्हणजे काडतुसांच्या पेटीवर. काडतूस धरून ठेवणारे त्याच्या तोंडाचे ओठ किंचित फाकले, तरी एवढं पुरतं. सगळ्या मॅगझिनवर रंगाने आकडे टाका आणि कोणत्या आकड्याला अडकते ते लिहून ठेवा. अधूनमधून येणारा बिघाड बऱ्याचदा एकाच मॅगझिनचा निघतो आणि रायफल उगाच बदनाम होते.

ठरावीक जागी अडकणं ही तर मोठी खूण. 1940 च्या सुमारास अमेरिकी सैन्याच्या एम-1 गॅरंड रायफलीत आठ काडतुसांच्या क्लिपमधलं सातवं काडतूस अडकायचं. दोष घाणीचाही नव्हता आणि गॅसचाही नव्हता. उत्पादनाच्या सोयीसाठी रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या) आतली, काडतुसाला वाट दाखवणारी एक कड थोडी जास्त कापली गेली होती. कितीही तेल ओतलं असतं तरी सातवं काडतूस सरळ झालं नसतं.

तेलाबद्दल एवढंच, की ते घासणाऱ्या भागांवर पातळ थरात लावायचं. चेंबर मात्र कोरडंच हवं. पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला धरते, तिथे तेल असेल तर ती पकड सुटते आणि बोल्टवर जास्त भार येतो. शिवाय जादा तेलात न जळलेल्या दारूचे कण चिकटतात आणि थंडीत ते घट्ट होतं.

स्प्रिंग जुनी झाली असेल तर तशीच नवी घाला. पण जास्त ताकदीची स्प्रिंग? बोल्ट मुळातच कमी मागे जात असेल तर ती दुखणं वाढवेल.

आता गॅस. या भागावर माझा सगळ्यात जास्त राग आहे, कारण वाढवलेलं छिद्र परत लहान होत नाही. पॉइंट टू टू (.22, छोट्या काडतुसाच्या) सेमी-ऑटोमॅटिक रायफली बहुतेक ब्लोबॅक असतात, म्हणजे त्यांत पुंगळीच्या धक्क्यानेच बोल्ट मागे जातो, गॅसचं छिद्रच नसतं. त्यांची तक्रार बऱ्याचदा कमी जोराच्या काडतुसांवर येऊन थांबते. इतर रायफलींत आधी साधी चाचणी करा: मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून झाडा. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकून राहण्याची सोय असलेल्या रायफलीत तो तसा राहिला नाही, तर जोर कमी पडत असावा. मॅगझिनचा दोष असेल तरीही हेच होतं, म्हणून चाचणी दोन-तीन मॅगझिनवर करा. मग दुसऱ्या बनावटीची काडतुसं वापरून बघा. एआर पद्धतीच्या (एम-16 सारख्या) रायफलीत गॅस कीचे (बोल्टच्या कॅरियरवर गॅस घेणाऱ्या तुकड्याचे) स्क्रू ढिले आहेत का, गॅस ब्लॉक (नळीच्या छिद्रावरचा ठोकळा) सरकलाय का, तेही पाहा. तिच्या बोल्टच्या गॅस रिंगा (गॅस गळू न देणाऱ्या कड्या) तपासणं सोपं आहे. बोल्ट कॅरियरमधून (बोल्ट ज्यात बसतो त्या भागातून) पुढे ओढा आणि सगळा संच बोल्टच्या तोंडावर उभा करा. कॅरियर आपल्याच वजनाने खाली बसला तर रिंगा झिजल्या आहेत. या रिंगांच्या फटी एका रेषेत आल्या की रायफल अडकते, ही मात्र अफवाच.

शिवाय गॅस जास्त झाला तरीही रायफल अडकते. बोल्ट इतक्या वेगाने परत येतो, की मॅगझिनला पुढचं काडतूस वेळेत वर आणता येत नाही. एक्स्ट्रॅक्टरही पुंगळी अजून घट्ट असतानाच ओढतो आणि तिची कड फाडतो. व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी एम-16 रायफलीचं उदाहरण 'जवानांनी साफ केली नाही' असं सांगून देतात. साफसफाईचं साहित्य पुरेसं मिळालं नव्हतं, हे खरं. पण या रायफलीच्या काडतुसात आधीच्या दारूऐवजी गोल दाण्यांची दारू आली होती. तिने मळ वाढवला आणि बोल्टचा वेगही वाढवला. 1967 साली अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने या दारूबदलावर ठपका ठेवला. सुधारणा करताना बोल्टचा वेग आवरणारा नवा बफर (बोल्टच्या मागचा वजनदार तुकडा) आला आणि चेंबरला क्रोमचा मुलामा दिला गेला. गॅस वाढवणं हा तिथे उपाय नव्हताच.

उरला 'बोल्ट ओढा आणि पुढची झाडा' हा भाग. स्पर्धेत, सराव झालेल्या माणसाला, साध्या अडकण्यावर तो चालतो. पण आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, धक्का कमी जाणवला आणि मग बोल्ट अर्धवट मागे गेला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्या मागून दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. अशा वेळी थांबायचं, मॅगझिन काढायचं, चेंबर रिकामं करायचं आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते चेंबरच्या बाजूने बघायचं. बोल्ट काढता येत नसेल तर सळई घालून तपासायचं. चाप ओढल्यावर नुसतं 'टक' झालं तर निदान 30 सेकंद नळी लक्ष्याकडेच धरायची, कारण काडतूस कधीकधी उशिरा पेटतं. नळीत गोळी सापडलीच तर ती झाडून काढायची नाही, रायफल तशीच बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे न्यायची.